पट्टीवरचा चेंडू

घरात तिला सगळे डावरी म्हणत, कारण दुधाचा पेलासुद्धा ती डाव्या हातानेच उचलायची. पुढे टेनिसमध्ये तोच हात कामाला आला आणि नाव तेच राहिलं. घरांना रंग देणाऱ्या माणसाची ही मुलगी चौदा वर्षं देशोदेशी खेळली आणि जागतिक क्रमवारीत दोनशे सत्त्याऐंशीपर्यंत पोचली. टीव्हीवर कधी दिसली नाही. दोन बॅगा, सहा रॅकेटी, गुडघ्याचा पट्टा आणि स्वस्तातल्या हॉटेलांच्या खोल्या, एवढाच तिचा संसार.

बरोबरच्या मुलींनी तिला दुसरंच नाव ठेवलं होतं: दानशूर. लहान स्पर्धांमध्ये रेषेवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं. डावरीकडे चेंडू चांगला बोटभर बाहेर पडला तरी ती "आत" म्हणून मोकळी व्हायची. समोरचीला जिंकायला एकच गुण हवा असला की हमखास.

प्रशिक्षक कपाळाला हात लावत. "बाई, तू खेळायला आलीस की वाटायला?"

"मला आत दिसला, सर."

"तुला बाहेरचा कधी दिसतच नाही! चष्मा तरी घे, नाहीतर मला रजा दे."

डोळे तिचे ठणठणीत होते. दुखणं कानात होतं.

ती एकोणीस वर्षांची असताना लाल मातीच्या कोर्टावर पात्रता फेरीचा शेवटचा सामना होता. समोरच्या उंच, अबोल मुलीला जिंकायला एकच गुण हवा होता. तिचा चेंडू डावरीच्या मागच्या रेषेच्या कोपऱ्यात पडला. मातीवर पडलेला चेंडू 'धप' वाजतो. रेषेसाठी मातीत ठोकलेल्या पट्टीवर पडला तर 'टक' वाजतो. डावरीने 'टक' ऐकलं, आणि तरी तिचं बोट वर गेलं. "आऊट!"

उंच मुलगी जाळीपर्यंत आली. अशा वेळी मातीत उमटलेली खूण दाखवायची असते. डावरीने रेषेच्या वीतभर मागे, आधीच्याच कुठल्याशा चेंडूच्या खुणेभोवती रॅकेटने गोल काढला. मुलीने पाहिलं, मान हलवली आणि परत गेली. सगळ्या कोर्टांवर मिळून एकच पंच फिरत असत, त्यांना तिने हाकसुद्धा मारली नाही.

मग डावरी जिंकली. मुख्य स्पर्धेत शिरली, क्रमवारीत नाव लागलं. कुंपणाला नाक लावून उभे असलेले बाबा लहान मुलासारखे नाचले. पुढे प्रत्येक स्पर्धेच्या यादीत डावरी त्या मुलीचं नाव शोधायची. ते पुन्हा कधी आलं नाही.

मागे राहिलं ते 'टक'. बेसिनवर केसांची पिन पडली, लिफ्टचं बटण दाबलं, की तिची नजर खाली जमिनीवर जायची. सकाळी झाडून घेतलेल्या कोर्टावर एकही चेंडू पडलेला नसताना तिला दोन खुणा दिसायच्या, एक पट्टीवर, एक वीतभर मागे. पायाने पुसायला जावं तर तिथे काहीच नसे. म्हणून ती गुण वाटत सुटली. पण वाटून वाटून किती वाटणार? ज्यांना दिलं, त्यांचं तिने काही घेतलंच नव्हतं.

तेहतिसाव्या वर्षी ती खेळातून निवृत्त झाली आणि टेनिस संघटनेचं पत्र आलं. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल पदक. समारंभ रविवारी.

शिवणकाम करणारी आई दुपारी तिचा निळा कोट सैल करायला बसली. "खांदे बघ कसे झालेत, हमालासारखे! बाही उसवावीच लागणार."

"आई, मी नाही जाणार."

"अगं, होतेय की बाही."

"मी कोर्टावर एकदा खोटं बोललेय."

आईने कात्री फरशीवर ठेवली, 'टक'. डावरी दचकली.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "रेषेच्या सरळ मागे बाकावर बसले होते मी. सुईत दोरा ओवणारे डोळे माझे, मला नाही दिसणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे बाबा नाचत होते गं. त्या माणसाला जन्मात तेवढंच एकदा नाचताना पाहिलं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पुन्हा तुझा सामना बघायचा धीर झाला नाही."

चौदा वर्षं आई गुडघ्यांचं निमित्त सांगत आली होती. तेच गुडघे घेऊन तीन मजले दिवसातून चारदा चढायची. हे लेकीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"ती मान हलवून गेली ना, ते दिसतं मला अजून," आई म्हणाली. "मशीनवर बसले की दिसतं."

"मला आवाज येतो."

मग आईने कोट बाजूला सारला. "बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आता कुणाचा नाच मोडणार आहेस?"

डावरीने संघटनेत फोन लावला. कारकून घाबरलाच. "ताई, नाव कोरून झालंय हो! तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी आहे. चेंडू आत होता."

"कोणता चेंडू?"

आई उठून जवळ आली आणि फोनच्या मागच्या बाजूला कान लावून उभी राहिली.

"शेवटचा सेट होता," डावरी म्हणाली. "पाच-चार. ती पुढे होती."