तीन हाका

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. कुठला प्रोग्राम कुठल्या सर्व्हरवर सापडेल, याची यादी ठेवणारी यंत्रणा त्यानेच लावली होती. ती दर दहा सेकंदांनी प्रत्येक प्रोग्रामला हाक मारायची. तीन हाकांना ओ आली नाही की त्याचं नाव यादीतून काढून टाकायची.

"मेलेल्याच्या दारात कुणाला पाठवायचं नाही," तो चहा ढवळत पुटपुटायचा.

त्याची नोकरी गेली, म्हणजे व्हिसाही जाणार होता, त्या दिवशी त्याने डबा नेहमीसारखा संपवला. मग यंत्रणेत बिघाड झाल्यावर ज्याला आपोआप फोन जातो, त्या जागचं स्वतःचं नाव काढून माझं घातलं आणि टेस्ट केली. माझा फोन वाजला.

"चालतंय," तो म्हणाला.

नंतर मी त्याला तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. चौथ्यांदा मी केला नाही.