राजवाड्याच्या गुलाबाचा खुंट

काकांनी भाषणाची सोळा पानं बडोद्यातल्या सुभानपुऱ्याला माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी होती: तपासून दे, भाषेला हात लावू नकोस. मी तीस वर्षं वर्तमानपत्रात इतरांचा मजकूर तपासला. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. तपासून घेण्याची त्यांना सवय नाही. जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या मराठी मंडळात ते 'गुलाब: पुराणात आणि इतिहासात' या विषयावर बोलणार होते.

ग्रीकांच्या प्रेमदेवतेच्या पायात काटा रुतला आणि पांढरा गुलाब लाल झाला, हे ठीक होतं. लक्ष्मी गुलाबाच्या पाकळ्यांतून जन्मली, याच्या शेजारी मी 'कोणतं पुराण?' असं लिहिलं. पुराणाला पान नंबर विचारायचा नसतो, असं फोनवर उत्तर आलं. गुलाबाच्या अत्तराचा शोध त्यांनी मोगल बेगमेच्या नावावर टाकला होता. बादशहाने स्वतःच्या आठवणींत ते श्रेय बेगमेच्या आईला दिलंय, असं मी कळवलं. मागून काकूंचा आवाज आला, "सासूला श्रेय देणारा जावई होऊन गेला म्हणायचा. हे ठेवा हं."

ते राहिलं.

शेवटच्या पानावर रोमन लोक होते. ते मेजवानीत डोक्यावर गुलाब टांगत आणि त्याखाली बोललेलं बाहेर सांगत नसत. त्यानंतर आमचा गुलाब होता. पणजोबा बडोदे संस्थानात अधिकारी होते. त्यांना राजवाड्याच्या बागेतून काळपट लाल गुलाबाचं कलम मिळालं, असं घरात सांगतात. त्याचा वंश बडोद्यातच, वासण्याला काकांच्या गच्चीत आहे. त्याच्या फांद्या काकांनी काही वर्षांपूर्वी पाच नातेवाइकांना दिल्या. एक माझ्या बाल्कनीत आहे. गुढीपाडव्याला प्रत्येकाने आपल्या फुलाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा, असा नियमही त्यांनीच केला. भाषणाचं शेवटचं वाक्य होतं: 'ते फूल आज मी सोबत आणलं आहे.'

माझ्या झाडाला लाल फूल कधी आलंच नाही. दर पाडव्याला मी लहरीपुऱ्याच्या फूलबाजारातून एक लाल गुलाब आणून हिरव्या धाग्याने फांदीला बांधत असे. दिवाळीनंतर एक फांदी घेऊन मी नर्सरीत खत विचारायला गेलो. नर्सरीवाल्याने पानं उलटसुलट करून पाहिली. "भाई, आ तो जंगली छे," तो म्हणाला. नाजूक गुलाबाचं कलम दणकट जंगली गुलाबावर बांधतात, त्याला खुंट म्हणतात. वरचं कलम मेलं की खालचा खुंट जोमाने फुटतो आणि त्याला फिकट गुलाबी, लहान फुलं येतात. माझी फांदी काकांच्या झाडाची, म्हणजे काकांचं झाडही तेच.

मंडळाच्या पहिल्या रांगेत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बसतात. दाखवलेली वस्तू ते हातात घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आयुष्यभर मुलांकडे पुरावा मागणाऱ्या काकांची त्यांच्यासमोर काय शोभा होणार, ते दिसत होतं. शनिवारी सकाळी मी वासण्याला गेलो.

टेबलावर ग्लासात एक लाल गुलाब होता. देठाला फुलवाल्याचं रबरबँड तसंच होतं.

"रोमन परिच्छेद बरोबर आहे ना?" काकांनी विचारलं.

"हो. परंपरा तशीच सांगतात."

"मग बस असा, या गुलाबाजवळ."

मग त्यांनी सांगितलं: आठ वर्षांपूर्वी छाटणी करताना मरगळलेली फांदी त्यांनी स्वतः मुळापासून कापली आणि खालची ताठ फांदी ठेवली. ती त्यांना घराण्याला शोभणारी वाटली. पुढच्या हिवाळ्यात गुलाबी फूल आलं. तेव्हापासून तेही लहरीपुऱ्यातच जात होते. तोवर फांद्या मात्र वाटून झाल्या होत्या.

"तुझा धागा हिरवा असतो," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीचा पांढरा. मी फोटो मोठे करून बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे इतकी मेहनत घेत होता."

मी पहिल्या रांगेची आठवण करून दिली. काकांनी पेन घेऊन शेवटचं वाक्य स्वतःच खोडलं. काकू आतून म्हणाल्या, तो ग्लासातला गुलाब तरी आता देवाला वाहा.

रविवारी त्यांनी गच्चीतली तीन फिकट गुलाबी फुलं नेली. रोमन लोक झाल्यावर ती वर धरून ते म्हणाले, "राजवाड्याचं कलम माझ्या कात्रीने गेलं. हा त्याचा खुंट. आठ वर्षं मी हे लपवलं."

प्राध्यापक उठले, फूल हातात घेतलं, देठ पाहिला आणि एक फांदी मागितली.

"देतो," काका म्हणाले, "पण पाडव्याला फोटो लागेल."

त्या पाडव्याला ग्रुपवर फिकट फुलांचे पाच फोटो आले. काकांनी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. धागा कुठेच नव्हता. प्राध्यापकांच्या फांदीला अजून फूल नव्हतं. त्यांनी पानांचाच फोटो पाठवला.