हिंदच्या खजुरीखाली

मोताळ्याहून जळगाव जामोदला निघालो तेव्हा वैशाखाचं ऊन चांगलंच तापलं होतं. नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. रस्ता मात्र जुनाच होता. नांदुरा मागे पडल्यावर गाडीच्या इंजिनातलं पाणी संपलं. ड्रायव्हर डबा घेऊन विहीर शोधायला गेला आणि आम्ही सगळे खाली उतरलो.

नजर पोचेल तिथवर झाड एकच होतं, चिंचेचं. ऐसपैस, चिंचांनी लगडलेलं. मी सरळ सावलीत जाऊन बसलो. बाकीचे सावलीच्या कडेला, बरोबर उन्हात, ओळीनं उभे राहिले आणि माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहू लागले. चिंचेवर भूत असतं, अशी माहिती लवकरच मिळाली.

त्यांत गिरजाबाई नावाची एक म्हातारी होती. पोटुशी सून सुमन हिला ती माहेरी पोचवायला निघाली होती. सुमनचे ओठ सुकले होते, तोल जात होता. सासू तिच्यावर पदर धरून उभी होती, पण सावलीत येऊ देईना. आधीचं एक पोटातच गेलं होतं, असं तिनं सांगितलं.

तेव्हा आमच्याच गाडीतले, खारका विकणारे कासमभाई पुढे झाले आणि सांगू लागले. अरबांनी आपल्या चिंचेचा गर पाहिला, तो त्यांना खजुरासारखाच चिकट, काळसर दिसला. म्हणून त्यांनी तिला ‘तमर-ए-हिंद’, म्हणजे हिंदची खजूर, असं नाव दिलं. इंग्रजानंही तेच उचलून ‘टॅमरिंड’ केलं. हे सगळं खरंच होतं, म्हणून मीही मान डोलावली.

“म्हंजे हे खजुरीचं झाड हाय, माय,” कासमभाई म्हणाले. “खजुरीवर भूत राह्यते काय?”

गिरजाबाईनं खजुरीकडे वर पाहिलं. खजुरीवरून एक चिंच पडली.

“अरब शिकेल (शिकलेले) असतीन,” असं म्हणून तिनं सुनेला आत आणलं. मागोमाग सगळी ओळ आत आली.

पडलेल्या चिंचा चघळल्यावर सुमनला जरा हुशारी वाटू लागली. गिरजाबाई मात्र सून आणि खोड यांच्या मधे, खोडाला पाठ लावून बसली होती. खजूर नसून चिंचच निघाली तर, असं मी तिला हळूच विचारलं.

“चिंचच हाय ना, भाऊ,” ती म्हणाली. “लागन (बाधेल) तर मले लागन. तिच्यापाशी कसं जाईन भूत?”

परतताना गाडी त्या झाडापाशी थांबली नाही. आता कुणी चिंचेच्या नावाचं विचारलं, की मी अरबांपासून व्यवस्थित सुरुवात करतो, आणि गिरजाबाईपाशी आलो की तिथंच थांबतो.