बाबालालच्या पायातल्या बांगड्या

राजारामपुरीत बाजाराच्या तोंडाला इमामबी मणेरणीचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, चार फळ्यांचं खोकं. ती खाली जाजमावर बसायची, त्यामुळं गिऱ्हाईक तिला आधी पायाकडनं दिसायचं, तोंड मागनं. पण पायावरनं तिला सगळं कळायचं. टाचेच्या भेगांत काळी माती, म्हणजे गडमुडशिंगीकडनं बाजाराला आलेली. एक पाय रस्त्याकडं वळलेला, म्हणजे नवऱ्याला न सांगता आलेली. मग हात हातात घेऊन एकदा दाबायचा, की माप ठरलं. पंचवीस वर्षांत आपल्या हातनं कुणाला काच लागली नाही असं ती सांगायची. एकदा लागली होती, पण ती बाईच चुळबुळी होती.

तिचा नवरा बाबालाल सायकलला बांगड्यांची पेटी बांधून खेड्यांचे बाजार करायचा. माणूस गरीब स्वभावाचा, आवाज असा की हाक मारली तर शेळीनंसुद्धा मान वळवू नये. अंगानं काटकुळा, आणि पाय म्हणजे तुरकाट्या. जन्मभर बायकांचे हात धरून बांगड्या भरायचा धंदा, त्यामुळं चावडीवर बसलेले रिकामटेकडे त्याला टोचायचे.

"काय बाबालाल, आज किती जणींचं हात धरलंस?"

तो हसायचा. घरी आल्यावर मात्र पेटी जरा दाणकन ठेवायचा. इमामबीला तेवढ्यावरनं कळायचं, आज कुठल्या गावाला गेलता ते.

एकाहत्तरची लढाई सरली आणि बाबालालनं चाळिशीत होमगार्डात नाव घातलं. नवरात्रात देवीच्या रांगेवर त्याला उभा केला. त्यानं भीत भीत शिट्टी फुंकली, तर पन्नास माणसं जागच्या जागी थांबली! बाबालाल स्वतःच दचकला. ज्याच्या हाकेला शेळी वळत नव्हती त्याच्या शिट्टीला पन्नास माणसं. त्या दिवसापासनं ती शिट्टी बांगड्यांच्या पेटीत सगळ्यात वर राहायला लागली, मऊ कापडात.

सगळं बरं होतं, नडली ती पँट. त्याच्या वाट्याला आलेली खाकी पँट आधी गुंडू म्हणून एका गड्याची होती. गुंडू उंचीला ताडमाड. सरकारी कापडाला कात्री लावायची नाही असा हुकूम. आणि पायात घोट्याच्या वर वीतभर चढणारे काळे बूट. पँटीचं तोंड त्या बुटाशी आत खोचायचं आणि वरनं कापड असं गोल पडलं पाहिजे, तव्यावर भाकरी फुगते तसं. ढिलं नाही, ताठ नाही, चहूबाजूंनी सारखं. बाकीच्यांची पोटरी भरलेली, त्यांचं कसंबसं राहायचं. बाबालालच्या तुरकाटीवर ते टिकायचं कसं? चार पावलं टाकली की भाकरीचा पापड, आणि आठव्या पावलाला पँट बाहेर.

पुढच्या पंधरा ऑगस्टला व्हायचं ते झालं. सगळ्या लोकांच्या पुढ्यात त्याची डावी पँट सुटली, मागच्यानं तिच्यावर पाय दिला, आणि एकामागं एक चार गडी आडवे. बँडवाल्याचं हसून वाजवायचं राहिलं.

परेड शिकवायला होते तात्यासो मगदूम. फौजेतनं हवालदार होऊन परत आलेले, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. जैनाच्या घरचा माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचा, त्यामुळं सांच्याची परेड कधी लांबली नाही. पण तेवढ्या वेळात माणूस बोलून घ्यायचा. त्या दिवशी सगळ्यांदेखत ते म्हणाले, "मणेर, सव्वीस जानेवारीला पँट सुटली तर जागेवर ड्रेस उतरून घीन, आन चड्डीवर घरी धाडीन. मग फुंक शिट्टी म्हशीच्या मागं!"

बाबालाल घरी आला. पेटी ठेवली ती आदळलीच. आतल्या दोन डझन वाढल्या.

फुटल्या म्हणायचं नसतं बांगड्यांच्या घरात.

इमामबीनं केरसुणी घेतली. तुकडे वेचून डब्यात टाकले. वाढलेल्या बांगड्यांचा तिचा एक मोठा डबा होता, लगीन होऊन आल्यापासनं भरत आलेला. मग ती एवढंच म्हणाली, "पँट हाय, वाघ न्हाय. हुईल काय तरी."

काय तरी करायला दोघांनी सुरवात केली. आधी सुतळी बांधली. ती सुटून मागं लोंबायला लागली, गल्लीतलं मांजर तिच्यामागं लागलं. मग टाचण्या लावल्या. त्यातली एक उघडली आणि बाबालालनं अशी उडी मारली की उस्तादांनी "थम" म्हणायच्या आधी तो थांबलेला. मग पंक्चरवाल्या सिकंदरनं सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन गोल कडी कापून दिली. रबराचं कडं बुटाच्या काठावर चढवायचं आणि पँटीचं तोंड आतल्या अंगाला दुमडून त्याच्यात खोचायचं. हे मात्र बसलं. पँट सुटायची थांबली.

पण गोल पडेना. कापड एका अंगाला फुगायचं, एका अंगाला वर चढायचं. शेजारची चिमणाबाई बघून म्हणाली, "अगं बया, खुडूक कोंबडीवाणी दिसतंय की ह्येंचं पाय!" आणि वर चढलेलं कापड चालता चालता रबरातनं निसटायचंच. खाली ओढून धरायला काहीतरी पाहिजे होतं. काय, ते कळत नव्हतं.

डिसेंबरात उस्तादांच्या पोरीचं, पद्मावतीचं लगीन निघालं. चुडा भरायला घरच्या बायका पोरीला घेऊन इमामबीकडं आल्या, आणि परेडीवरनं उस्ताद ड्रेसातच आले. ते उभे, इमामबी खाली. तिच्या डोळ्यांच्या रेषेत उस्तादांचे बूट. आणि बुटांवर पँटीचा घेर असा पडलेला की अट्टल सुगरणीनं हात जोडावेत.

इमामबीनं नवरीचा हात दाबून मऊ करता करता डोळा तिथंच ठेवला. तेवढ्यात उस्तादांनी भार ह्या पायावरनं त्या पायावर घेतला, आणि आवाज आला. छन्न. एवढास्सा. दुसऱ्या कुणाला आलाच नसता. पण डझनातली एक तडकलेली बांगडी नुसत्या किणकिणीवर ओळखणारे कान होते ते. हे लोखंड. बारीक साखळी.

"उस्ताद," तिनं मान वर न करता विचारलं, "पँटीत साखळी हाय न्हवं?"

उस्ताद चपापले. "ती फौजेची गोष्ट हाय. बाईमाणसाला काय करायचीय?" आणि बायका बघतायत म्हणून वर एक टोला हाणला, "तुझ्या बाबालालला पँट सांभाळत न्हाय, तर त्येला बांगड्या भर! घरचंच दुकान हाय की."

सगळ्या हसल्या. नवरीसुद्धा हसली आणि मग लाजली. इमामबीच्या हातातली बांगडी जरा थांबली. मग हळूच पुढं सरकली, नवरीच्या अंगठ्याच्या हाडावरनं, एक ओरखडा न काढता. चुडा भरून झाल्यावर शकुनाची एक बांगडी वर घालायची असते. घालू नये असं एकदा मनात आलं. पण पोरीचा काय गुन्हा? घातली.

उस्ताद निघाले तेव्हा ती म्हणाली, "भरते म्हणावं."

"काय?"

"बांगड्या. बाबालालला. तुमीच सांगिटलंसा न्हवं?"

उस्ताद हसत हसत गेले.

गुपित तर हातात आलं. कापडाच्या घडीत वजन पाहिजे, चहूबाजूंनी सारखं, म्हणजे घेर खाली बसतो. बाबालालनं आनंदानं सायकलची जुनी चेन आणली. एका दिवसात पँटीला तेलाचे डाग पडले आणि ते काढता काढता इमामबीच्या हाताची सालं गेली. शिवाय ती वाजायची, घोड्याच्या टांग्यासारखी.

मग एका दुपारी इमामबीनं डबा उपडा केला.

लहान असताना आजऱ्याला मावशीच्या परसात ती आणि तिच्या बहिणी एक खेळ खेळायच्या. वाढलेल्या बांगडीचा तुकडा चिमट्यात धरून चिमणीच्या ज्योतीवर तापवायचा. काच लाल होऊन मऊ पडली की दोन टोकं वाकवून एकमेकांना चिकटवायची, झाली कडी. दुसरी कडी पहिलीतनं ओवायची. अशा साखळ्या करून त्या दाराला तोरण बांधायच्या. तीस वर्षांत तिनं एक कडी केली नव्हती. पहिल्या दोन तडकल्या, तिसरीनं बोट भाजलं, चौथी जमली. पुढं हात आपोआप चालला. हिरव्या, लाल, आंबा रंगाच्या, कुणाच्या डोहाळजेवणातल्या, कुणाच्या लग्नातल्या, आणि दोन डझन त्या पंधरा ऑगस्टच्या.

दोन साखळ्या झाल्यावर तिनं आपली जुनी मऊ ओढणी फाडून नळी शिवली, साखळी आत सरकवली आणि तोंडं जोडली. आता काच वाजणार नाही, तडकली तरी टोचणार नाही. पोटरीचं माप तिनं नुसत्या नजरेनं घेतलं होतं, वर चार बोटं सैल.

बाबालालनं ते हातात घेऊन बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"इमाम, ह्या खऱ्याच बांगड्या की गं! कुणाला कळलं तर? आधीच लोक म्हणत्यात..."

"काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, बांगड्या भर."

"मग? ह्याच बांगड्यांनी चार पोरं वाढली. तवा लाज वाटली न्हाय ती?" इमामबी म्हणाली. "पाय पुढं करा."

त्यानं पाय पुढं केला. रबराचं कडं चढवलं. पँटीचं जादा कापड तिनं बाहेरच्या अंगाला एका निरीत धरलं, लुगड्याची धरतात तशी. घडीत बांगड्यांचं वळं सोडलं, काठ दुमडून खोचला. कापड आपल्या वजनानं खाली आलं आणि बुटावर गोल बसलं.

"उडी मारा."

मारली. बसलंय तसंच.

"गल्लीच्या टोकापत्तर पळा."

पळाला, परत आला. चिमणाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. ती काही बोलली नाही. चिमणाबाईनं काही न बोलणं म्हणजे मोठं सर्टिफिकेट होतं.

सव्वीस जानेवारीला मैदानावर हीऽ गर्दी. इमामबी पुढं जमिनीवर बायकांत बसली, डोळे बुटांच्या रेषेत. बँड सुरू झाला. होमगार्डांची रांग आली, दुसऱ्या ओळीत कडेला बाबालाल. एक, दोन, आठ, वीस पावलं. इमामबी मनात मोजत होती. चाळिसाव्या पावलाला तिनं मोजायचं सोडलं. बाकीच्यांचे घेर वर चढलेले, कुणाचा ह्या अंगाला, कुणाचा त्या. बाबालालचे दोन्ही पाय शेवटपर्यंत तव्यावरच्या टम्म भाकरीसारखे.

परेड थांबली. बाहेरनं आलेले मोठे साहेब एकेकाला बघत चालले. बाबालालपाशी थांबले. खाली बघितलं, परत वर, परत खाली.

"दोन कदम पुढं."

उस्तादांचा चेहरा पांढरा झाला. बाबालालला वाटलं, झालं, आता चड्डीवर घरी. तो दोन कदम पुढं आला.

"हे बूट बघा सगळ्यांनी," साहेब म्हणाले. "पँट अशी पडली पाहिजे. आतमध्ये काय घातलंय जवान? साखळी? वाजत तर नाही."

बाबालालनं समोर बघितलं. चावडीवरची चार टाळकी गर्दीत उभी होती. उस्ताद बाजूला होते. 'रबर हाय साहेब' म्हणाला असता तर भागलं असतं, ते खोटंही नव्हतं. त्यानं बायकांच्या घोळक्यात इमामबीला हुडकलं. ती त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. बुटाकडं बघत होती, एखाद्या नवरीच्या भरलेल्या हाताकडं बघावं तशी.

आणि ज्याच्या हाकेला शेळी वळत नव्हती तो बाबालाल असा गरजला की झाडावरचे कावळे उडाले.

"बांगड्या हैत, साहेब! माझ्या बायकोनं भरल्यात!"

अर्धं मैदान हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी वाकून घडीतलं वळं बोटांनी चाचपलं, काचेच्या कड्या एक एक मोजल्यासारख्या, आणि उभे राहून उस्तादांना म्हणाले, "हवालदार, पुढच्या परेडीला सगळ्यांच्या पायात ह्याच बांगड्या पाहिजेत. आणि तुमच्या पँटीचा आवाज येतो, तो बंद करा."

मग मात्र कुणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी चिमणाबाईची होती, असं चिमणाबाई सांगायची.

त्यानंतर गल्लीगल्लीतनं, खेड्याखेड्यातनं वाढलेल्या बांगड्या इमामबीकडं यायला लागल्या. चावडीवरचा एक जण बाबालालला हळूच म्हणाला, "माझ्या बी पोराचं नाव होमगार्डात घालतूय, तेवढं बांगड्यांचं बघ की." बाबालाल म्हणाला, "बघू," आणि शिट्टी फुंकून पुढं गेला. घरी त्यानं पेटी अशी ठेवली की इमामबीला तो आल्याचं कळलंच नाही.

सगळ्यात शेवटी उस्ताद आले. दिवस मावळायला तासभर होता, म्हणजे जेवणाची घाई नव्हती, तरी ते घाईत होते. इकडं तिकडं बघून स्टुलावर बसले आणि नवरीनं हात पुढं करावा तसा त्यांनी बुटाचा पाय पुढं केला.

इमामबीनं नजरेनं माप घेतलं. डबा पुढं ओढला.

"रंग कुठला घालू, उस्ताद?"

"आतनं कुणाला दिसतोय गं रंग?"

"दिसत न्हाय. पर ज्येच्या अंगावर हाय त्येला ठावं असाया पायजे की."

उस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला. गल्लीत कुणी नाही ह्याची परत एकदा खात्री केली. मग हळू आवाजात म्हणाले, "हिरवा घाल."