नवरीच्या पाठीवर मावशी

तुळशीला एखाद्या गोष्टीची किळस आली की ती नाक मुरडत नाही, पदर खोचते. कॅम्प चारमधल्या धर्मेशच्या एम्ब्रॉयडरीच्या गाळ्यात शिरली तेव्हा तिने असाच पदर खोचला. मशीन धडधडत होती आणि खरवई गावच्या सरस्वती नवरीच्या हळदीच्या ब्लाउजवर, ऐन पाठीवर, सोनेरी जरीत उमटलं होतं, ‘नवरीची मा’, पुढचं ‘वशी’ तेवढं यायचं होतं.

“बंद कर मेल्या! हा नवरीचा कपडा आहे, मावशीचा नाही!”

पन्नाशीला आलेली ही बाई. जन्म सुईदोऱ्यात गेला, मग हट्टाने लॅपटॉपवर नक्षी काढायला शिकली. फाइलीला नाव देणार तेही इंग्रजी अक्षरांत, भरलं-पुरलं: नवरीच्या मोराला ‘सरस्वती नवरी मोर’, मावशीच्या ब्लाउजवरच्या अक्षरांना ‘सरस्वती मावशी’. पण धर्मेशची मशीन जुन्या वळणाची. लांब नाव तिच्या घशाखाली उतरत नाही. पहिली सहा इंग्रजी अक्षरं ठेवते, बाकीचं छाटून मागे एक, दोन असा आकडा चिकटवते; दोन्ही नावं सारखीच, फरक काय तो आकड्याचा. म्हणून तुळशीने बजावून सांगितलं होतं, “एक नवरीची, दोन मावशीची.”

पण धर्मेशने तिच्या पेनड्राइव्हवर गाणी भरली, आणि नक्ष्या दुसऱ्यावर उलट्या क्रमाने उतरवल्या. मावशी आधी उतरली, तिलाच ‘एक’ हा आकडा मिळाला. त्या आकड्याला ना नातं कळतं ना मान. जो आधी घुसला तो पहिला.

“ताई, पाठीवरच तर आहे,” धर्मेश म्हणाला. “पदराने ढकून जाईल. फोटोत कोण वाचतो?”

तुळशीने पदर आणखी घट्ट खोचला. चुकीपेक्षा हे झाकणं तिला शिळ्या कढीसारखं आंबूस लागलं. हळदीच्या शालूबरोबर आलेला कपडा, तो एकच. दुसरा आणायचा कुठून? तिने ब्लेडने टाका न् टाका उसवला. रेशमाला भोकं राहिलीच.

ती तशीच खरवईला गेली आणि नवरीच्या आईपुढे, बनूबाईपुढे, कपडा पसरला. काही लपवलं नाही.

बनूबाई खूप बोलली. शेवटी म्हणाली, “उद्या हळद हाय. त्या मशीनखाली माझा कपडा परत घालायचा नाय. हातान कर.”

तुळशी ओटीवरच बसली. किती वर्षांनी सुई धरली, बोटं ऐकेनात. दिवस कलला तेव्हा मोर उभा राहिला. सरस्वती वाकून बघते तर काय!

“तुळशीकाकू, मोर जाडा झालाय गं.”

“भोकं झाकायची तर खात्यापित्या घरचाच लागणार,” तुळशी म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.