चार महिन्यांचा नेम

श्रीगजाननाला आणि कुलस्वामिनीला नमस्कार करून लिहायला बसले आहे. आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, गीताजयंती. सकाळी आम्ही चौघींनी मिळून अठराही अध्याय म्हटले. आता आपापल्या घरी परतलो आहोत, तेव्हा फ्रिस्कोतल्या या दोन खोल्यांत मी कशी आले, ते मनात ताजे आहे तोवर लिहून ठेवते.

यजमान गेल्यावर नऊ वर्षे मी इथे परदेशात, प्लेनोला मुलाच्या घरी राहिले. घर प्रशस्त, माणसे प्रेमळ. सकाळी आठला गॅरेजचे दार खाली येई, ते सायंकाळी सहाला वर जाई. मधल्या वेळात पूजा, पारायण आणि एकटीचे जेवण. दुपारी कोणीतरी दाराशी खोके ठेवी आणि बेल न वाजवता निघून जाई. मला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे देवळात जाणेही शनिवारी, मुलाला सवड असेल तेव्हाच. तक्रार करावी असे काही नव्हते आणि म्हणूनच कोणापाशी बोलताही येत नव्हते.

गेल्या वसंतात नात आली. ती वास्तुविशारद आहे, जर्सी सिटीत असते. नुकतीच बेल्जियमला जाऊन आली होती. तिने लॅपटॉपवर शेकडो वर्षांपूर्वीच्या, केवळ बायकांसाठी बांधलेल्या वसाहतीची चित्रे दाखवली. भोवती भिंत, आत जायला एक मोठा दरवाजा, मध्ये हिरवळ आणि झाडे, एक प्रार्थनामंदिर आणि कडेने लहान लहान पांढऱ्या घरांची रांग. प्रत्येक घरापुढे उंच भिंतीआड हातभर अंगण आणि त्या भिंतीत त्या घराचे स्वतःचे दार. मला देवळाभोवतीच्या ओवऱ्या आठवल्या. पण ओवरीत माणूस येऊन जाऊन असते, आपली म्हणून तिथे कोणी राहत नाही. या बायका मात्र तिथेच राहून सूत कातीत, लेस विणीत, मुलींना शिकवीत, आजाऱ्यांची सेवा करीत आणि ठरल्या वेळी प्रार्थनेला जमत.

संन्यासिनी होत्या का, असे मी विचारले.

“नाही आजी, नन्स नव्हत्या. त्यांचं प्रॉमिस तिथे राहीपर्यंतच. नको वाटलं तर परत घरी. मग लग्नसुद्धा करता यायचं.”

नेम पाळायचा, पण जन्माचा नाही, हे फार वेळ माझ्या मनात घोळत राहिले. मी संस्कृत पाठशाळेत शिकले. वानप्रस्थाला निघालेल्या पुरुषाने पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा सोबत न्यावे, असे तिथे शिकवले होते. तीच एकटी निघाली तर तिने काय करावे, हे मी शिकले त्यात कुठे आले नाही.

देवळात भेटणाऱ्या नागपूरच्या एक बाई जवळच्याच फ्रिस्को गावात राहत. चौकाभोवती बैठी घरे, त्यातल्या तीन घरांत त्या धरून तिघी विधवा. शेजारचे चौथे रिकामे झाले तेव्हा त्यांनी मला विचारले. मी घरी विषय काढला. सून ताटे उचलू लागली. मुलगा बराच वेळ हातातला फोन उलटासुलटा करीत राहिला.

“आई, इथे काय कमी आहे?”

कमी काहीच नव्हते. मी म्हटले, “यंदा चातुर्मास तिथे करीन म्हणते.”

त्याचा चेहरा सैल झाला. चातुर्मासात मी काही ना काही नेम धरते, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. “चारच महिने ना?” त्याने विचारले. मी होय म्हटले. ते खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते, हे माझे मला ठाऊक होते.

देवशयनी एकादशीला मी इथे आले. दोन ओक वृक्षांचा चौक आणि त्यावर उघडणारी चार दारे. सायंकाळी एकीच्या घरी स्तोत्रे होत, मग चहा. नागपूरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला चिमटा काढला.

“रिटर्न तिकीट काढून आल्या काय हो? आमचं तर वन-वे आहे.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण चहा संपला की ज्या त्या आपल्या घरी जात आणि दारे लागत. एकांत मी मागून घेतला होता. तरी सहा वाजले की माझे कान गॅरेजच्या दाराकडे लागत, आणि इथे तर गॅरेजच नव्हते.

प्रबोधिनी एकादशी झाली, तुळशीचे लग्न झाले. शनिवारी मुलगा येणार होता. सकाळीच मी बॅग भरून आतल्या खोलीत ठेवली आणि दार लोटून घेतले. शेजारणींना सांगितले नाही. त्याने एकदा जरी ‘चल’ म्हटले, तरी निघायचे, असे मनाशी ठरवले होते.

तो आला, पोटभर जेवला, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. मग गाडीकडे गेला आणि एक मोठी पिशवी व हीटर घेऊन परतला. पिशवीत माझ्या शाली, लोकरी मोजे, जाड दुलई.

“आता थंडी सुरू होईल. तिने सगळं धुऊन दिलंय.” हीटर लावून पाहताना तो पाठमोराच बोलत होता. “तू इथे बरी दिसतेस, आई. घरीच राहा म्हणून मी उगाच हट्ट करत होतो.”

हीटर पडद्याजवळ ठेवू नकोस, झोपताना बंद कर, असे त्याने दोनदा बजावले. आणखी काही हवे का, असे विचारले. मी नको म्हटले. वाकून नमस्कार करून तो गेला.

माझे इथे राहणे त्याने मानले होते आणि मला ते मानलेले नको होते. बॅग उघडून पातळे एकेक करून कपाटात ठेवली. सायंकाळी स्तोत्राला गेले, तेव्हा नागपूरच्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. त्यांनी माझ्यासाठी चटई सरकवली.

वाचकहो, तुमच्या घरी सांजवात लावणारे हात निरोगी राहोत. तुमची मुलेबाळे ‘काय कमी आहे’ असे विचारायला तुमच्याजवळ बसोत, आणि त्या वेळी खरे उत्तर देण्याचे बळ कुलस्वामिनी तुम्हाला देवो.