आनंदाश्रूंचे दाजीसाहेब

दाजीसाहेबांच्या वर्गात पाण्याचा माठ त्यांच्या खुर्चीला चिकटून असे. तहानलेलं पोर "पाणी" म्हणालं की ते ओगराळं वर धरून ओरडत, "इंग्लिश!" पोर ओठ चाटत जागेवर परत जाई आणि दाजीसाहेब स्वतः गटागटा पाणी पिऊन मिशा पुसत. त्या ओल्या मिशांची मला अजून शिसारी येते.

ठाण्यात त्यांनी चिमुरड्या मुलांसाठी इंग्रजीचा बालवर्ग काढला होता. मी नुकताच मॅट्रिक होऊन त्यांच्या हाताखाली लागलो होतो. त्यांचा शिकवण्याचा बेत तपासणीच्या दिवसापासून उलटा सुरू होई. तपासणीला येणारा गोरा साहेब कुठून शिरेल, कुणाकडे पाहील, काय विचारील, हे आधी ठरे. मग पंगतीत पाट मांडावेत तसं एकेका पोरापुढे एकेक इंग्रजी वाक्य मांडलं जाई. दुसऱ्याच्या वाक्याला तोंड लावायची बंदी.

मी एकदा म्हटलं, "वस्तू दाखवून शिकवू या. दे, घे, दुखतंय, एवढं तरी पोरांना सांगता यावं."

"अरे, पोरांना कळून काय करायचंय?" ते म्हणाले. "साहेबाला कळलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं!"

कळव्याहून होडीतून येणारा कान्हा भिंतीकडेच्या तरटावर बसे. बाप मिठागरात राबणारा. नाक्यावरचा गोरा साहेब काय बोलतो ते पोराला तरी कळावं, एवढीच त्याची आस. कान्ह्याच्या वाट्याला वाक्य आलं होतं, "आय अॅम व्हेरी हॅपी, सर." त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता.

तपासणीच्या दिवशी मराठी शब्द काढणाऱ्याची चामडी लोळवीन, असा दम दाजीसाहेबांनी भरला होता. साहेब आले. पोरं आपापली वाक्यं बोलली. कान्ह्यापाशी येऊन साहेब थबकले, कारण त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. साहेबांनी वाकून काय झालं म्हणून विचारलं. थरथरत पोर म्हणालं, "आय अॅम व्हेरी हॅपी, सर."

"आनंदाश्रू, साहेब!" दाजीसाहेब हात जोडून इंग्रजीत म्हणाले. साहेबांनी खूश होऊन पोराची पाठ थोपटली.

मी धावत जाऊन कान्ह्याला उचललं. तरटाखालून विंचू बाहेर पडला. पाय टरारून सुजला होता आणि पोर माझ्या खांद्यावर तेच वाक्य पुटपुटत होतं.

त्या संध्याकाळी चांगला शेरा मिळाला म्हणून दाजीसाहेबांनी पेढे वाटले. मी माझा पेढा त्यांच्या देखत गटारात टाकला.

पोर वाचलं, पण परत आलं नाही. पाटी न्यायला आलेला बाप दाजीसाहेबांना म्हणाला, "मास्तर, दुखला तं रडावा, यवरा आमी त्याला शिकवलेला. तुमी त्यो बी काढून घेतलाव." दाजीसाहेब नाकाला उपरणं लावून म्हणाले, "गावंढळ!" मी त्याच दिवशी ती नोकरी सोडली.

पुढे कितीतरी वर्षांनी दाजीसाहेब पोटातल्या गाठीने अंथरुणाला खिळले. घरच्यांनी बोलावलं म्हणून गेलो. किळस सोबत होतीच. भेटीला आलेल्या बड्या मंडळींशी ते दात आवळून इंग्रजीत बोलत होते, "क्वाइट वेल, थँक यू." मंडळी उठून गेली. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि "आई गं, मेलो रे!" म्हणून हंबरडा फोडला.

मी उशाशी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं, आणि त्यांना रडू दिलं.